चौथा प्रश्न

आमच्या ताईसमोर आजवर एकही गाणं शेवटपर्यंत वाजलेलं नाही. मोबाईलवरचं असो, शेजारच्या मंदिरात सकाळी लागणारं भजन असो की वरातीत छाती हादरवणाऱ्या डीजेवरचं असो, पहिल्या कडव्यातच ताई हात वर करते, गाणाऱ्याला किंवा बटणापाशी बसलेल्याला थांबवते आणि विचारते, "हे कोणाला म्हटलंय?" मग गाणं बाजूला राहतं आणि उपमेय, उपमान सुरू होतं. ताई माझी थोरली बहीण. नाशिकच्या पेठ रोडवरच्या एका शाळेत ती इतकी वर्षं मराठी शिकवते आहे की आता मुलांच्या हजेरीत तिला त्यांच्या आईवडिलांची नावं ओळखीची वाटतात. शिकवते सगळंच, पण तिचा खरा जीव अलंकारांत. बाकीचे शिक्षक अलंकार परीक्षेच्या आधी दोन तासांत उरकतात, ताई जूनमध्ये सुरू करते आणि वर्ष संपलं तरी तिचं संपलेलं नसतं. माझं पेठ नाक्यावर इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. आमच्या धंद्यात लाल वायर लाल आणि काळी वायर काळी. ती कशासारखी दिसते याचा विचार करत बसणाऱ्या माणसाला झटका बसतो. त्यामुळे एकाच आईबापांच्या पोटी आम्ही दोघं कसे जन्मलो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

नाक्यावरचे रिक्षावाले तिला लांबून ओळखतात. काखेत छत्री, खांद्याला पिशवी आणि चाल अशी ठाम की समोर भिंत आली तर भिंतीनेच बाजूला व्हावं. ती दिसली की रिक्षातली गाणी आपोआप बंद होतात. एकदा तिला नवा रिक्षावाला मिळाला. त्याच्या गाण्यातला प्रियकर सांगत होता की माझं काळीज काचेचं आहे आणि तू ते फोडलंस. ताईने सिग्नलला त्याला विचारलं की काळीज आणि काच यांत सारखं काय. तो बिचारा म्हणाला, दोन्ही फुटतं ना मॅडम. मग तिने विचारलं की सारखं नाही असं काय. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवून थकले, आणि हा भला माणूस हॅन्डलवर हात ठेवून विचार करत बसला. शेवटी त्याला सापडलं. काच नवी बसवून मिळते, काळजाचं तसं नसतं. ताईने त्याला तिथल्या तिथे शाबासकी दिली. तो आजही दुकानावरून जाताना रिक्षा हळू करतो आणि मॅडमना नमस्कार सांगा म्हणतो. त्याने गाणी ऐकणं सोडलं की काय, ते मी विचारलेलं नाही.

तिची पद्धत समजायला सोपी आणि सोसायला अवघड आहे. पुस्तकात तीन गोष्टी ओळखायला सांगतात. वर्णन कोणाचं, त्याला कशाची उपमा दिली, आणि दोघांत सारखं काय. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. ताई मात्र पुढे चौथा प्रश्न विचारते, जो कुठल्याच गाईडमध्ये नाही. "आणि सारखं नाही असं काय?" तिचं म्हणणं असं की उपमा देणारा माणूस एका गोष्टीवर दिवा धरतो, तेव्हा शेजारची गोष्ट अंधारात जाते, आणि शहाण्या मुलाने अंधारात काय गेलं ते बघावं. हा चौथा प्रश्न कुठून आणला असं मुख्याध्यापकांनी तिला विचारलं होतं. परीक्षेत येत नाही, मग वेळ कशाला घालवता, असा त्यांचा साधा मुद्दा होता. ताईने सांगितलं की परीक्षेत येणारं मी शिकवतेच, हे परीक्षेनंतर येणारं आहे. मुख्याध्यापकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ताईशी वाद घालायचा तर आधी रजा टाकावी लागते, असं त्यांनीच नंतर मला दुकानात ट्यूबलाइट घेताना सांगितलं.

एकदा धड्यात कमळासारखे डोळे आले. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कमळ फक्त निवडणुकीत पाहिलेलं. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीकाठच्या, आम्ही नाशिककर म्हणतो त्या गंगेवरच्या, फुलबाजारात जाऊन खरं कमळ घेऊन आली आणि एका मुलाला पुढे बोलावून ते त्याच्या डोळ्यांशेजारी धरलं. मुलाचे डोळे आदल्या दिवशीच आलेले, त्यामुळे लाल आणि चिकट. वर्ग हसून लोळला. एक मुलगी उठून म्हणाली, बाई, म्हणजे कवी खोटं बोलतो का. या प्रश्नाने ताईला जो आनंद झाला, तो आम्ही घरी आठवडाभर भोगला. जेवताना, भाजी निवडताना, टीव्हीवर बातम्या चालू असताना ती मधेच म्हणायची, काय विचारलं पोरीने. तिने वर्गाला दिलेलं उत्तर मला बरं वाटलं होतं. कवीला ते डोळे बघून जसं वाटलं, तसं कमळ बघूनही वाटलं होतं, एवढंच तो सांगतो. खोटं तेव्हा होतं, जेव्हा एखादा माणूस वाटलेलं नसताना कमळ पुढे करतो. ते कमळ नंतर आमच्या देव्हाऱ्यात आलं आणि दोन दिवस राहिलं.

या शिकवण्याचे चटके गावालाही बसले. आमच्या चौकात एका तरुण नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. नेता गॉगल लावून उभा, मागे डरकाळी फोडणारा वाघ आणि वर मोठ्या अक्षरांत त्याला पंचवटीचा वाघ म्हटलेलं. ताईने अख्खी आठवी त्या फ्लेक्सखाली उभी केली, मराठीचा तास म्हणून. रूपक अलंकार सगळ्यांनी ओळखला. सारखं काय, याला मुलांनी धाडस, रुबाब, मिशा अशी उत्तरं दिली. चौथ्या प्रश्नाला मात्र पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला की बाई, वाघ निवडून येत नाही. दुसरा म्हणाला की वाघ दिवसभर झोपतो, आणि तिसरा म्हणाला की हे सारखं आहे, हे तिसऱ्या प्रश्नात घ्या. नेत्याची माणसं शेजारच्या टपरीवर चहा पीत होती. ती उठून आली. माझं दुकान समोरच, मी शटर अर्धं खाली ओढायच्या तयारीत होतो. ताईने त्यांनाही शांतपणे अलंकार समजावून सांगितला आणि गृहपाठ दिला, की वाघ काढला तर त्या जागी काय लिहाल, साहेबांनी केलेलं एखादं काम लिहून आणा. पुढच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागला. त्यावर वाघ नव्हता. फक्त फोटो होता.

पालकांच्याही तक्रारी येत. एक गृहस्थ तर रविवारी थेट घरी आले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांची मुलगी जेवायला बसल्यावर म्हणाली होती की बाबा, तुम्ही नेहमी घर म्हणजे मंदिर म्हणता, तर मंदिरात पुजारी झाडतो, आपल्याकडे आईच का झाडते. पाहुण्यांसमोर म्हणाली, हे त्यांना जास्त लागलं होतं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फार आस्थेने विचारलं, "प्रश्न बरोबर आहे. तुम्ही उत्तर काय दिलंत?" गृहस्थांनी पाणी संपवलं आणि पेला खाली ठेवला. जाताना म्हणाले, मॅडम, मार्क तरी चांगले पडू द्या. मार्क तसे चांगलेच पडायचे, पण ताईला त्याचं विशेष काही नव्हतं.

घरी ती स्वतः मात्र कोरडी बोलते. चहा अमृतासारखा झालाय असं तिच्या तोंडून माझ्या बायकोने कधी ऐकलं नाही. चहा गोड आहे, किंवा साखर जास्त आहे, एवढंच. सुरुवातीला बायकोला राग यायचा. नंतर तिच्या लक्षात आलं की ताई जेव्हा भाजी चांगली झालीय म्हणते, तेव्हा ती खरोखर चांगली झालेली असते, आणि घरात असं एकच माणूस आहे. माझ्या कौतुकावरचा तिचा विश्वास तेव्हापासून उडाला तो उडालाच.

एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ताईच्या वर्गात वसतिगृहात राहणाऱ्या काही मुली असतात, पेठ तालुक्याकडच्या, डोंगरातल्या. आईबाप हंगामात द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला येतात आणि मुली इथे शिकतात. त्या वर्गात कधी बोलत नाहीत. ताईने त्यांना सांगितलं की तुमच्या घरी लग्नात, आवणीत म्हणजे भातलावणीत जी गाणी म्हणतात ती आणा, आपल्याला पुस्तकातलंच पाहिजे असं नाही. एका मुलीने आजीचं हळदीचं गाणं आणलं. त्यात नवरीला भाताचं रोप म्हटलं होतं. एका वाफ्यात वाढलं, उपटलं, दुसऱ्या खाचरात लावलं, तिथे पिकलं. वर्गाला ते फार आवडलं. सारखं काय, याला भराभर उत्तरं आली. मग ताईने चौथा प्रश्न विचारला आणि कोणालाच सुचेना. तेव्हा गाणं आणणारी मुलगीच खाली मान घालून म्हणाली, "बाई, रोपाला कोनी इचारीत नाय. नवरीला तं इचारता येतं."

ताई त्या दिवशी घरी आली ती जेवली नाही. खिडकीशी बसून राहिली. माझी मुलगी सई तेव्हा दहावीला होती, आत्याच्याच शाळेत, आणि लहानपणापासून झोपायची आत्याच्याच खोलीत. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा ताईने वर्गातलं सांगितलं. एवढंच सांगितलं. उरलेलं मला माहीत होतं, ते मी सईला सांगितलं नाही.

उरलेलं असं. ताईचं लग्न झालं होतं. कळवणकडचं घर, शेतीवाडी भरपूर. ठरवाठरवीच्या बैठकीत मुलाच्या वडिलांनी आमच्या वडिलांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं की तुमची लेक आमच्या घरात मुलीसारखी राहील. वडिलांना ते वाक्य इतकं आवडलं की ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते. ताईची बीएडची परीक्षा राहिली होती. मुलीसारखी ठेवणार म्हटल्यावर परीक्षेचं वेगळं विचारायचं काय, असं सगळ्यांनाच वाटलं. त्या घरात खरी मुलगी होती, ती कॉलेजात जायची. मुलीसारखी होती ती घरी राहायची. काही वर्षांनी ताई एका पिशवीनिशी परत आली. वडिलांनी काही विचारलं नाही, आईने आंघोळीचं पाणी तापवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ताईने परीक्षा दिली. त्या घराबद्दल तिने कधी वाईट शब्द काढला नाही. एकदाच, तेही मी विचारलं म्हणून, ती म्हणाली होती, "कशात सारखी, ते सगळे सांगत होते रे. कशात नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही."

आता सईच्या बैठकीकडे येतो. सई शिकली, दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीच्या कामाला लागली. निर्यातीचा माल तिच्या सहीशिवाय हलत नाही, हे ती स्वतः सांगत नाही, मी सांगतो. तिला सटाण्याचं स्थळ आलं. मुलगा नाशिकलाच बँकेत, वडिलांचा कांद्याचा व्यापार, माणसं नावाजलेली. सई आणि मुलगा दोनदा भेटले, एकमेकांना पसंत पडले. मुलगा नाशिकला, सईची नोकरी नाशिकला, आम्ही नाशिकला. मला तर हे लग्न वरूनच मापाचं शिवून आल्यासारखं वाटत होतं. भीती एकच होती, ती म्हणजे ताई.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोने ताईसमोर पाट मांडला आणि शब्द मागितला. "ताई, उद्या एकही अलंकार नको." ताईने विचारलं, ते बोलले तर. बायको म्हणाली, ते बोलले तरी. ताई म्हणाली की तू सांगेपर्यंत तोंड उघडणार नाही. ताईने शब्द दिला म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ असते, त्यामुळे आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून बैठकीत सगळ्यांत आधी येऊन बसली, बडीशेपेची वाटी जवळ ओढली आणि तोंड भरून ठेवलं.

मुलाचे वडील बोलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की माणूस मुळात वक्ताच आहे, व्यापार नंतर करतो. आमच्या घरात लक्ष्मी येणार, म्हणाले. दुधात साखर विरघळावी तशी ती आमच्यात विरघळेल. देव्हाऱ्यातली समई घरात शोभते, ती कोणी चौकात नेऊन ठेवत नाही. आमचं मागणं काही नाही, नारळ आणि मुलगी. प्रत्येक वाक्याला आमच्या बाजूचे लोक माना डोलवत होते, मीही डोलवत होतो. ताईकडे मात्र बघवत नव्हतं. तिची बोटं पदराखाली मोजत होती, पाय हलत होता, आणि बडीशेप ती अशी चावत होती की आवाज माझ्यापर्यंत येत होता. पण शब्द म्हणजे शब्द. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. वाटी संपत आली तशी बायकोने भरलेली दुसरी वाटी तिच्यापुढे सरकवली.

सुपारी फोडायची म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात सई बोलली. पोह्यांच्या ट्रेशेजारी ती बसली होती, आवाज जराही चढलेला नव्हता. ती म्हणाली, "काका, लक्ष्मी, साखर आणि समई, तिन्ही छान आहे. तिन्हींत सारखं काय तर तिन्ही घरात राहतात. साध्या शब्दांत सांगाल का, लग्नानंतर मी कुठे राहायचं?"

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पंखा मीच बसवलेला, त्याला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. मुलाचे वडील हसले आणि म्हणाले की पोरी, नदी शेवटी सागराकडेच जाते. सई म्हणाली, म्हणजे सटाण्याला का. तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली. सईने त्याला विचारलं, तुला माहीत होतं का. तो म्हणाला की माहीत होतं, बोलायला जमलं नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा नाशिकला फ्लॅटवर राहणार, शनिवारी घरी येणार, आणि सून सटाण्याला सासूसासऱ्यांजवळ. नोकरीचा प्रश्न त्यांच्या लेखी निघतच नव्हता. आमच्याशी ते खोटं काहीच बोलले नव्हते. सगळं सांगितलं होतं, साखरेत आणि समईत घालून. मी सुपारी तशीच हातात धरून बसलो होतो आणि मला माझे वडील आठवत होते.

आता हे उठतात आणि लग्न मोडतं, असं मी धरून चाललो होतो. मुलाच्या वडिलांनी टोपी सारखी केलीही. पण त्यांच्या शेजारी इतका वेळ एक अक्षर न बोललेली त्यांची बायको एकदम त्यांच्या अहिराणीत म्हणाली, "बसा हो तुमी. पोर साधं इचारी ऱ्हायनी, तर साधं सांगूत." आणि सईकडे वळून म्हणाली, "मना गुडघा दुखतस. हे दिवसभर मार्केटात. येवढ्या मोठ्या घरमा मी एकटीच, बोलू कोनाशी? म्हनून माले सून घरमा पाहिजे. लक्ष्मी-बिक्ष्मी काही नही."

ताईने माझ्या बायकोकडे पाहिलं. माझ्या बायकोचे डोळे भरले होते, तिने नुसती मान हलवली. ताईने पदराने तोंड पुसलं, उठून त्या बाईंजवळ जाऊन बसली आणि कोणत्या गुडघ्याला जास्त त्रास आहे ते विचारलं. मग त्या दोघी बोलायला लागल्या. किती जिने, कोण डॉक्टर, रात्री झोप लागते का, सकाळी कोण येतं. गुडघ्याचे चांगले डॉक्टर नाशिकला आहेत आणि सून नाशिकला असली तर सासूलाही नाशिकला राहता येतं, हे त्या खोलीत त्याआधी कोणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. पुरुषमंडळींनी गार झालेला चहा संपवला. मुलाचे वडील थोड्या वेळाने म्हणाले की आमच्या बोलण्यात खोट नव्हती मॅडम. ताई म्हणाली, "नव्हतीच. झाकण होतं. ते काढलं म्हणून तर कळलं, तुमच्या घरात कोणाला काय दुखतंय."

त्या दिवशी सुपारी फुटली नाही. सईने वेळ मागितला. ते दिवस माझ्या दुकानात मी चुकीच्या गिऱ्हाईकाला चुकीचा बल्ब देण्यात घालवले. बायको ताईला म्हणायची की तुम्ही सईला समजावा, मुलगा वाईट नाही. मी म्हणायचो की नको म्हणून सांग, ज्याला आज बोलायला जमलं नाही तो उद्या काय बोलणार. ताई दोघांनाही एकच सांगायची की मी प्रश्न शिकवले, उत्तर तिचं तिला देऊ द्या. पण ती झोपत नव्हती, हे मला दिसत होतं. सईला ती घरात सगळ्यांत जवळची, आणि सगळ्यांत गप्प तीच होती. एका संध्याकाळी मुलगा एकटाच आला. गॅलरीत उभं राहून त्याने सईला सांगितलं की नोकरी तुझी, राहायचं नाशिकला, आईचं ऑपरेशन इथे होईल, ती आपल्याकडे राहील, मी वडिलांशी बोललो, ते रागावलेत, राग जायला वेळ लागेल. मी आतून ऐकत होतो. त्यात एकही अलंकार नव्हता. सईने आत येऊन हो म्हणून सांगितलं, आणि ताई उठून देवघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

लग्न मेमध्ये झालं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, टोप्या आणि फेट्यांच्या गर्दीत. सगळं यथासांग झालं, वाटेत भांडणं झाली, जेवणात बासुंदी कमी पडली. पाठवणीची वेळ आली. आमच्याकडे पाठवणीला प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने मुलीला काहीतरी सांगायचं असतं, आणि लोक त्या वेळी हात आखडता घेत नाहीत. कोणी तिला अंगणातली चिमणी म्हटलं, कोणी दोन घरं उजळणारी पणती म्हटलं, एका मामांनी तर गंगा आणि गोदावरी दोन्ही आणल्या. सई सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती आणि रडत होती, बाकीच्या बायकाही रडत होत्या. मीही बोलायचं जुळवून आणलं होतं. बापाचं काळीज, पाखरू, रिकामं घरटं, असं दुकानात गिऱ्हाईक नसताना चार दिवस घोकलं होतं.

ताई शेवटी पुढे आली. सगळे जरा सरसावले, कारण मराठीच्या बाई, त्या काय बोलतात ते ऐकायचं होतं. ताईने गाडीच्या दारात अडकत असलेला सईचा शालू सोडवून आत घेतला, नीट केला. मग ती सरळ उभी राहिली. आयुष्यभर हजारो मुलांना उपमा शिकवलेल्या माझ्या बहिणीला त्या वेळी एकही सापडली नाही, किंवा तिने शोधलीच नाही.

ती म्हणाली, "सई, मला करमणार नाही ग तुझ्याशिवाय."

सई गाडीतून खाली उतरली आणि आत्याच्या गळ्यात पडली. ड्रायव्हरने चालू केलेलं इंजिन बंद केलं. नवी सासू काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीला वळसा घालून आली आणि दोघींच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आता बापाची पाळी होती. काळीज, पाखरू, घरटं, घोकलेलं सगळं मी सोडून दिलं. मी सईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मलाही."